या चुका टाळा: विंडोजची सवय लिनक्सवर आणि दोन्हींची मेनफ्रेमवर

कोणती ऑपरेटिंग सिस्टिम भारी यावर भांडायला लोकांकडे कायम वेळ असतो, पण रोजच्या कामात जे घोळ होतात ते सिस्टिम वाईट म्हणून क्वचितच होतात, एकीकडे लागलेली सवय दुसरीकडे तशीच रेटली म्हणून होतात. विंडोजवाला लिनक्सवर येतो, लिनक्सवाला मेनफ्रेमवर (मोठ्या संस्थांच्या भल्यामोठ्या मशीनवर) जातो आणि दोघंही "हे असं का आहे राव" म्हणत बसतात. तर असं का आहे आणि काय करू नका, ते जमेल तसं सांगतो.

सोप्यापासून सुरू करू. मशीन अडकलं की बंद करून चालू कर, हा सल्ला विंडोज ८ पासून अर्धवट झालाय. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन केल्यावर तुमचं लॉगिन सेशन बंद होतं पण कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम) जसेच्या तसे डिस्कवर सेव्ह होतात आणि सकाळी तेच परत उचलले जातात, म्हणजे ज्या ड्रायव्हरने काल प्रिंटर लटकवला तोच आज पुन्हा हजर. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली अप टाइम बघा, रोज इमानदारीत शटडाऊन करणाऱ्याच्या मशीनवरही तिथे कित्येक दिवस दिसतात. त्यामुळे रिस्टार्ट करा. खरोखर पूर्ण बंदच करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि मग शटडाऊनवर क्लिक करा. ड्युअल बूटवाल्यांनी (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी) तर हे फीचर बंदच ठेवावं, नाहीतर लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन रीड ओन्ली उघडतं आणि लोक उगाच परमिशनच्या मागे लागतात.

लिनक्सवर नव्याने आलेल्याची पहिली बोंब ठरलेली: रॅम संपली! संपलेली नसते. फ्री कमांडमध्ये "फ्री" कॉलम बघू नका, "अव्हेलेबल" बघा. मोकळी रॅम लिनक्स फाईल कॅशसाठी, म्हणजे डिस्कवरून वाचलेलं हाताशी ठेवायला, वापरतो आणि कुणाला लागली की सोडून देतो. कॅश रिकामी करायची कमांड रोज रात्री चालवणारे लोक आहेत, त्यांना मी काय बोलू, सकाळी सगळं परत डिस्कवरून वाचावं लागतं आणि मग हेच विचारतात की सर्व्हर स्लो का.

दुसरी बोंब डिस्क भरल्याची, आणि ही मात्र खरी असते. लॉग फाईल (प्रोग्रॅमच्या नोंदींची) प्रचंड मोठी झाली म्हणून आरएम कमांडने उडवली, एलएसच्या यादीत दिसत नाही, फाईलींची बेरीज करणारं डीयू म्हणतं जागा आहे, अख्ख्या डिस्कचा हिशोब देणारं डीएफ म्हणतं १०० टक्के भरलंय. इथे लोक वेडे होतात. कारण एवढंच की लिनक्समध्ये फाईलचं नाव उडवणं वेगळं आणि जागा मोकळी होणं वेगळं. एखाद्या प्रोसेसने ती फाईल उघडी धरलीये तोवर ब्लॉक (डिस्कवरची जागा) सुटत नाहीत. विंडोजवर असं लक्षात येत नाही कारण तिथे फाईल वापरात असली की सिस्टिम सहसा डिलीटच करू देत नाही. एलएसओएफ (उघड्या फाईलींची यादी देणारी कमांड) चालवून डिलीटेड लिहिलेल्या ओळी शोधा आणि ती प्रोसेस रिस्टार्ट करा. पुढच्या वेळी चालू लॉग उडवू नका, ट्रंकेट करा, म्हणजे फाईल ठेवून आतलं रिकामं करा. आणि डीएफसुद्धा जागा आहे म्हणतंय तरी फाईल बनत नसेल तर डीएफ -आय मारा, आयनोड (प्रत्येक फाईलमागे लागणाऱ्या नोंदी) संपलेले असतात, कुणाच्या तरी स्क्रिप्टने लाखो बारक्या फाईल पाडून ठेवलेल्या असतात.

किल -९ (प्रोसेस तिथल्या तिथे मारणारी कमांड) शेवटचा उपाय आहे. आधी साधं किल द्या, प्रोसेसला आवराआवर करू द्या.

फाईल इकडून तिकडे नेणं हा खरा मोठा विषय. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट (कमांडची फाईल) लिनक्सवर "बॅड इंटरप्रिटर" म्हणाली तर ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न (विंडोजचं ओळ संपल्याचं जास्तीचं चिन्ह) चिकटलेला आहे, डॉस-टू-युनिक्स चालवा, विषय संपला. मेनफ्रेमवर एवढ्यावर भागत नाही कारण तिथे अक्षरांचा कोडच वेगळा, आस्की नाही, ईबीसीडिक. टेक्स्ट मोडने एफटीपी (फाईल पाठवणं) केलं तर कन्व्हर्जन आपोआप होतं, म्हणून लोक सगळंच टेक्स्ट मोडने ओढतात, आणि फाईलमध्ये कॉम्प-३ म्हणजे पॅक्ड डेसिमल (एका बाइटमध्ये दोन आकडे कोंबलेलं) फील्ड असेल तर तिथे वाट लागते. समजा रक्कम अधिक १२३४५ आहे. मेनफ्रेमवर ती तीन बाइटमध्ये बसते: १२, ३४, ५सी. शेवटच्या बाइटमधला सी म्हणजे अधिकचं चिन्ह. पण एफटीपीला हे माहीत नसतं, त्याच्या लेखी ५सी म्हणजे ईबीसीडिकमधला स्टार, तो त्याचं आस्कीतलं २ए करून मोकळा होतो. म्हणजे शेवटच्या ५ चा २ झाला, आणि गंमत अशी की ए हेही अधिकचं चिन्ह म्हणून चालतं, त्यामुळे निदान त्या बाइटवर तरी कुणीच आरडाओरडा करत नाही. अशी फाईल बायनरीत आणा आणि कॉपीबुक (रेकॉर्डची रचना सांगणारी फाईल) बघून फील्ड सोडवा, किंवा मेनफ्रेमवरच आधी आकडे साध्या डिस्प्ले स्वरूपात (एका बाइटला एक आकडा) काढून मग पाठवा.

सॉर्टचंही तेच. आस्कीत आधी आकडे, मग मोठी अक्षरं, मग लहान; ईबीसीडिकमध्ये बरोब्बर उलटं. लिनक्सवर सॉर्ट केलेली फाईल मेनफ्रेमच्या मॅचिंग प्रोग्रॅमला (दोन सॉर्ट केलेल्या फाईल ताडून बघणाऱ्या) दिली की अर्धे रेकॉर्ड अनमॅच्ड जातात, आणि मग कोबॉलला (मेनफ्रेमवरच्या प्रोग्रॅमिंग भाषेला) शिव्या.

बाकी मेनफ्रेमवर जॉब (एकापाठोपाठ चालणाऱ्या स्टेपचं काम) पडला की स्पूलच्या (जॉबच्या आउटपुटच्या) शेवटी नका बघू, पहिला वाईट मेसेज शोधा. एस०सी७ हा एरर कोड म्हणजे आकड्याच्या जागी आकडा नाही, बहुतेक वेळा स्पेस किंवा लो व्हॅल्यूज (सगळे शून्य बाइट). प्रोग्रॅम "अचानक बिघडला" असं काही नसतं, आज डेटा तसा आला. एसबी३७ म्हणजे जागा संपली, स्पेस पॅरामीटर वाढवा, नुसतं पुन्हा सबमिट करून काही होत नाही. आणि कॉन्ड पॅरामीटर (स्टेप गाळायची का ते ठरवणारी अट)! कॉन्ड=(४,एलटी) वाचून नवीन माणूस हमखास उलटा अर्थ काढतो. अट खरी ठरली तर स्टेप चालत नाही, गाळली जाते: ४ हे आधीच्या रिटर्न कोडपेक्षा (स्टेप संपताना देते त्या आकड्यापेक्षा, शून्य म्हणजे सगळं ठीक) कमी असेल, म्हणजे ८ किंवा १२ आला असेल, तर ही स्टेप सोड. नवीन जेसीएल (जॉब लिहायची भाषा) लिहिताना सरळ इफ-देन-एल्स वापरा, वाचणाऱ्याचे शाप लागणार नाहीत.

रीरन करताना तर थांबून विचार करा. आउटपुट डिस्प=मॉडने (आहे त्या फाईलच्या शेवटी जोडत) लिहिलं जात असेल तर पहिल्या वेळी अर्धे गेलेले रेकॉर्ड तिथेच असतात, दुसरा रन त्यांच्याच खाली सगळे परत लिहितो, रिटर्न कोड शून्य, सगळे खूश, आणि डबल एंट्रीचा फोन येतो दुसऱ्या दिवशी.

यावरून कुणी म्हणेल की ते जुनाट यंत्र फेकून द्या. आयबीएमची सिस्टिम/३६० मेनफ्रेम जाहीर झाली ७ एप्रिल १९६४ ला, आणि त्या घराण्यासाठी लिहिलेले ॲप्लिकेशन प्रोग्रॅम आयबीएमच्या आजच्या झेड मेनफ्रेमवरही चालवता येतात. आपल्या लॅपटॉपवर दहा वर्षांपूर्वीचं प्रिंटर सॉफ्टवेअर चालवून दाखवा आणि मग बोला. माझं मत सरळ आहे: कोड जुना आहे एवढ्यावरून रीराइट काढू नये, आत काय नियम दडलेत ते आधी कागदावर उतरवावं, बऱ्याचदा तेच कुणाला माहीत नसतं.

चुकीच्या विंडोत कमांड मारणं कुठल्याही सिस्टिमवर होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीत) दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची डिरेक्टरी उडवायची होती, उडवली मुख्य सर्व्हरवरची. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. वर बॅकअपही फेल होत होता, तसे मेल सुटत होते, पण ते रिजेक्ट होत होते. त्यांनी हे सगळं जाहीरपणे मांडलं, त्याबद्दल मान. प्रॉडक्शनच्या (खऱ्या, चालू सर्व्हरच्या) टर्मिनलला भडक लाल रंग द्या, प्रॉम्प्टमध्ये होस्टनेम (सर्व्हरचं नाव) ठेवा, आणि बॅकअप आहे असं म्हणायच्या आधी एकदा रिस्टोअर करून बघा.

अपडेट सगळ्या मशीनवर एकदम सोडू नका हे १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीने जगाला दाखवलं, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर. लोकांनी विंडोजला धुतलं, पण सदोष फाईल क्राउडस्ट्राइकची होती. उपाय काय, तर सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल डिलीट करायची, पण डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्कच्या कुलुपाने) बंद असेल तर आधी रिकव्हरी की लागते, आणि ती ज्या सर्व्हरवर ठेवलीये तोच पडलेला असला तर बसा. की वेगळ्या जागी ठेवा.

क्रॉनचं, म्हणजे लिनक्सवर ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीचं, राहिलंच. टर्मिनलमध्ये चालतं आणि क्रॉनमध्ये नाही, तर पाथ (कमांड कुठल्या फोल्डरमध्ये शोधायच्या ती यादी) बघा, क्रॉनला तुमचं एन्व्हायर्नमेंट (टर्मिनलमधली सेटिंग) मिळत नाही, प्रत्येक कमांडचा पूर्ण पाथ लिहा. तारखेच्या फॉरमॅटमधलं टक्क्याचं चिन्ह तिथे नवी ओळ धरलं जातं, त्याच्या आधी बॅकस्लॅश द्या. आणि क्रॉनची यादी बदलायला क्रॉनटॅब -ई मारताना बोट घसरून शेजारचं आर दाबलं गेलं तर सगळी यादी न विचारता साफ, तेव्हा आधी क्रॉनटॅब -एल करून त्याची एक कॉपी फाईलमध्ये काढून ठेवा.