सुपरचार्जर लावलेल्या इंजिनातील ब्लो-बाय : आधी दाब मोजावा, मग डबा लावावा

इंजिनाच्या कामाला मी नव्याने लागलो, तेव्हा सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) बसवलेल्या एका चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाने आम्हाला दीड महिना हैराण केले होते. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात, तिथून तेल पाझरत होते. क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील गेले असणार, असे सर्वांचेच मत पडले. म्हणून गिअरबॉक्स उतरवला, सील बदलले, आणि आठवडाभरात त्याच जागी पुन्हा तेल दिसले. सील दुसऱ्यांदा बदलल्यावर घेतलेल्या चाचणीनंतर मी बॉनेट उघडले, तर डिपस्टिक आपल्या नळीतून चार बोटे वर आलेली होती. सील निर्दोष होते. क्रँककेसमध्ये, म्हणजे सिलिंडरखालच्या क्रँकशाफ्टच्या पेटीत, साठलेला दाब वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलत होता.

ज्वलनाच्या वेळी काही वायू पिस्टन रिंगांच्या कडेने आणि त्यांच्या टोकांमधील फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. यालाच ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेले पेट्रोल, पाण्याची वाफ आणि ज्वलनाचे वायू असतात, आणि बाहेर पडताना तो तेलाचे बारीक तुषार सोबत घेतो. नवशिक्याने सुरुवातीलाच लक्षात घ्यावे की सुपरचार्जर लावलेल्या इंजिनात ब्लो-बाय जास्त असणे हा नेहमीच झिजेचा पुरावा नसतो. सिलिंडरमधला दाब तर वाढलेला असतोच, शिवाय रिंगा अधिक तापून प्रसरण पावतात म्हणून त्यांची फटही मुद्दाम जास्त ठेवावी लागते. साध्या इंजिनात दर १०० मिलिमीटर बोअरमागे (सिलिंडरच्या व्यासामागे) वरच्या रिंगची फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवतात, तर बूस्टवर, म्हणजे सुपरचार्जरने दाबून भरलेल्या हवेवर, चालणाऱ्या इंजिनात ती ०.५ ते ०.६५ मिलिमीटरपर्यंत नेतात. नेमका आकडा पिस्टन बनवणाऱ्याच्या तक्त्यातूनच घ्यावा. फट कमी पडली तर तापलेल्या रिंगची टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा रिंग बसण्याचा भागच तुटतो. त्यापुढे थोडा जास्तीचा ब्लो-बाय केव्हाही परवडतो.

हा वायू बाहेर कसा नेला जातो, हे नीट समजून घेण्यात मी घाई केली आणि तिथेच चुकलो. व्हॉल्व्ह कव्हरवरून साधारणपणे दोन नळ्या निघतात. एक पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारी झडप) इनटेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीकडे, जाते, तर दुसरी, म्हणजे ब्रीदर, एअर फिल्टरनंतरच्या नळीला जोडलेली असते. आयडलिंगला किंवा संथ वेगात मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो, त्यामुळे पीसीव्हीमधून ब्लो-बाय खेचला जातो आणि त्याची जागा घ्यायला ब्रीदरमधून ताजी हवा आत येते. ही ताजी हवा फार मोलाची आहे, कारण तेलात मिसळू पाहणारी पाण्याची आणि पेट्रोलची वाफ तीच वाहून नेते. बूस्ट सुरू झाला की चित्र उलटते. मॅनिफोल्डमध्ये आता वातावरणापेक्षा जास्त दाब असतो, म्हणून पीसीव्ही व्हॉल्व्हने घट्ट बंद व्हायचे असते, आणि सगळा ब्लो-बाय उलट दिशेने, ब्रीदरमधून, सुपरचार्जरच्या तोंडाशी जायचा असतो. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू या दुसऱ्या प्रकारच्या सुपरचार्जरांत थ्रॉटल (हवेचा प्रवाह कमी-जास्त करणारी झडप) बहुधा सुपरचार्जरच्या आधी असते, आणि पीसीव्हीची नळी या दोहोंच्या मध्ये जोडलेली असेल तर तिला बूस्ट कधी भेटतच नाही. म्हणून दुसऱ्याच्या गाडीवरची जोडणी पाहून आपल्या गाडीवर नळ्या लावू नयेत. आपल्या इंजिनात कोणत्या नळीत, कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने वायू जातो याची आकृती स्वतःच्या हाताने काढावी.

आमच्या इंजिनातला दोष शोधला तो पारदर्शक नळीच्या एका तुकड्याने. मीटरभर उंचीची यू आकाराची नळी फळीवर बांधली, निम्मी पाण्याने भरली आणि तिचे एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट जोडले. पाण्याच्या पातळीतला सुमारे १०२ मिलिमीटर फरक म्हणजे १ किलोपास्कल, इतका सोपा हिशोब. आयडलिंगला पाणी इंजिनाच्या बाजूला थोडे वर सरकले, म्हणजे किंचित निर्वात होता, आणि ते योग्यच होते. डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण थ्रॉटल दिल्यावर मात्र क्षणात सगळे पाणी उघड्या टोकातून बाहेर उडाले. मग पीसीव्हीची नळी काढून दोन्ही तोंडे बुचांनी बंद केली आणि तीच चाचणी पुन्हा घेतली. या वेळी पाणी दीडशे मिलिमीटरच्या आसपास थांबले. म्हणजे दोष दोन होते, आणि ते वेगळे करता आले: पीसीव्ही व्हॉल्व्ह उलट्या दिशेने बूस्ट सोडत होता, आणि ब्रीदरची १० मिलिमीटरची नळी उरलेल्या वायूला अपुरी पडत होती. व्हॉल्व्ह हातात घेऊन हलवला तर खुळखुळत होता, त्यामुळे तो ठीक असल्याचे आम्ही आधीच ठरवून टाकले होते. पण खुळखुळणारा व्हॉल्व्ह बूस्टला घट्ट बसतोच असे नाही, आणि हातपंपाने उलट बाजूने हवा भरल्यावर ती सुसू करत निघून जाताना ऐकू आली. बूस्टसाठीचा व्हॉल्व्ह बसवला, त्याच्या आणि मॅनिफोल्डच्या मध्ये एक वेगळा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वायू जाऊ देणारी झडप) घातला, आणि ब्रीदरला १९ मिलिमीटरची नळी दिली. त्यानंतर तेच जुने सील कोरडे राहिले.

कॅच कॅनचा, म्हणजे ब्लो-बायमधले तेल अडवून साठवणाऱ्या डब्याचा, विचार इथून पुढे करावा. त्याची गरज खरी आहे: तेलाचे तुषार सुपरचार्जरमधून इंटरकूलरमध्ये (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागात) जाऊन त्याच्या आतल्या पृष्ठभागावर थर धरतात आणि थंड करण्याची क्षमता घटवतात, शिवाय मिश्रणात मिसळलेले तेल इंधनाची नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी होणारा स्फोट) रोखण्याची ताकद कमी करते. पण आत जाळी किंवा पडदे नसलेला रिकामा डबा फारसे काही अडवत नाही, आणि अरुंद तोंडाचा डबा तर क्रँककेसचा दाब वाढवतो. डबा एक्झॉस्टपासून दूर, थंड जागी लावावा, म्हणजे वाफ आत निवते. डबा फार लवकर भरत असेल तर दोष बहुधा ब्लो-बायचा नसतो. व्हॉल्व्ह कव्हरच्या आत पडदा नसलेल्या तोंडातून उडणारे तेल सरळ खेचले जात असते. खात्री करायची तर सिलिंडर लीकेज चाचणी घ्यावी: पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा भरावी आणि तेल भरण्याच्या तोंडाशी कान द्यावा. तिथे मोठी फुसफूस ऐकू आली तर रिंगांकडे पाहावे.

दोन्ही नळ्या काढून कव्हरवर छोटे फिल्टर बसवण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. रस्त्यावरच्या गाडीसाठी मला तो अजिबात मान्य नाही. ताज्या हवेचा प्रवाह थांबतो, तेल लवकर खराब होते, उरलेली एखादी नळी उघडी राहिली तर एअर-फ्लो सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरून आयडलिंग बिघडते, आणि अनेक देशांत हा वायू उघड्यावर सोडणे नियमबाह्य आहे. कॅलिफोर्नियातील गाड्यांवर १९६१च्या मॉडेलपासून पीसीव्ही आला तो याच वायूचे प्रदूषण रोखण्यासाठी.

डबा रिकामा करताना निघालेले द्रव पारदर्शक भांड्यात घेऊन पाहण्याची सवय मी अजून सोडलेली नाही. थंड दिवसांत छोट्या फेऱ्या झाल्या असतील तर ते दुधाळ पिवळे दिसते. ते पाणी असते आणि कूलंट तेलात मिसळले असे समजून घाबरून हेड खोलायला धावू नये, मात्र कूलंटची पातळी एकदा तपासावी. वहीत तारीख, किलोमीटर आणि मिलिलिटर असे तीन रकाने आखावेत. चालवण्याची पद्धत तीच असताना हजार किलोमीटरमागचा आकडा अचानक दुप्पट झाला, तर त्याच दिवशी यू-नळी बाहेर काढावी.