वेबसाइट आहे, लेख आहेत, मग फोन का वाजत नाही? इनबाउंड मार्केटिंगमधल्या या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंचा दिवाळीच्या फराळाचा घरगुती धंदा आहे. मुलाने हौसेने वेबसाइट करून दिली, सहा लेख टाकले. दिवाळी उलटली तरी वेबसाइटवरून एकही ऑर्डर नाही. ‘‘अगं, लोकांना चकली नकोशी झाली की काय?’’ काकूंनी मला विचारलं.

चकली हवीच होती, पण बडोद्यातलं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक तिला ‘चकरी’ म्हणतं, आणि करंजीला ‘घूघरा’. काकूंच्या पानावर हे दोन्ही शब्द कुठेच नव्हते. गंमत अशी की दारात गुजराती बाई आली की काकू स्वतः ‘घूघरा केटला आपुं?’ असंच विचारतात. वेबसाइट मात्र सोवळ्यातली मराठी बोलत होती.

गिऱ्हाइकाच्या मागे न धावता, त्याला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर आधीच मांडून ठेवायचं आणि त्याला आपल्या पायाने येऊ द्यायचं, याला इनबाउंड मार्केटिंग म्हणतात. २००६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या हबस्पॉट कंपनीने हा शब्द रूढ केला. फायदा उघड आहे. जाहिरातीचे पैसे थांबले की जाहिरात थांबते, पण नीट लिहिलेलं पान दोन-तीन वर्षांनीही चौकशा आणतं. तोटाही तितकाच उघड आहे: पहिले काही महिने हाती काहीच लागत नाही. याच काळात मालकाचा धीर सुटतो आणि तो म्हणतो, ‘‘हे आपल्या धंद्यात चालत नाही.’’ माझ्या अनुभवात बहुतेक वेळा अडलेलं असतं ते एखाद्या किरकोळ जागी.

आधी पान गूगलला दिसतंय का ते बघा

गूगलच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘साइट’ लिहा, पुढे कोलन, आणि जागा न सोडता आपल्या वेबसाइटचा पत्ता. गूगलला माहीत असलेली तुमची पानं समोर येतील. काहीच आलं नाही, तर लेख कितीही चांगला असो, तो कुलूपबंद कपाटात आहे. साइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘रीडिंग’ या भागात एक चौकट असते. तिथे टिक असली की सर्च इंजिनांना ‘इकडे फिरकू नका’ असा निरोप जातो. साइट बनवताना ती टिक करतात आणि काम संपल्यावर काढायला विसरतात. हे मी दुसऱ्यांना शहाणपणाने सांगते खरी, पण मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यासाठी मी स्वतः तीन महिने पानं लिहीत होते आणि टिक तशीच होती. त्या तीन महिन्यांचं बिल मी निम्मं केलं.

पानं दिसत असतील तर गूगलचं सर्च कन्सोल उघडा; आपलं पान शोधात किती वेळा दिसलं आणि किती जणांनी दाबलं, ते तिथे कळतं. ते फुकट आहे. पान शोधात झळकतंय पण कोणी दाबत नाही, तर शीर्षक फसलंय. लोक दाबून आत येतात पण विचारणा नाही, तर दोष पानात, फॉर्ममध्ये किंवा फोन उचलणाऱ्या माणसात. या दोन दुखण्यांना एकच औषध देणारे सल्लागार बरेच भेटतात. त्यांच्यापासून लांब राहा.

आपली आरती आपणच ओवाळू नका

मकरपुऱ्याचा तो कारखाना बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपातला प्रवाह चालू-बंद करणाऱ्या झडपा, बनवतो. मालकांनी आधी लिहून घेतलेले लेख ‘गुणवत्ता हाच आमचा श्वास’ या चालीवर होते. असलं काही कोण शोधतं? मी आठ दिवस त्यांच्या विक्री विभागात बसले आणि फोनवर लोक काय विचारतात ते वहीत लिहून काढलं. सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न होता, ‘‘हा व्हॉल्व्ह वाफेच्या लाइनला चालेल का?’’

खरं उत्तर ‘सरसकट नाही’ असं होतं. १० बार गेज दाबाच्या संपृक्त वाफेचं तापमान सुमारे १८४ अंश सेल्सिअस असतं, आणि आत साधी टेफ्लॉनची सीट (गळती रोखणारी कडी) असलेल्या व्हॉल्व्हला तापमान वाढेल तसा कमी दाब सोसतो. मालक बिचकले. ‘‘आपणच आपला माल घेऊ नका म्हणून सांगायचं?’’ मी म्हटलं, साहेब, तुमचा सेल्समन फोनवर हेच तर सांगतो. शेवटी तापमान-दाबाचा तक्ता, कुठे चालेल, कुठे नाही आणि तिथे काय घ्यावं, असं साध्या भाषेतलं एक पान झालं. आज त्या साइटवर चौकशा येतात त्या बहुतेक याच पानावरून, आणि विचारणारा अर्धं समजून आलेला असल्यामुळे बोलणं थेट मापावर आणि भावावर येतं.

हल्ली गूगल काही प्रश्नांची उत्तरं एआयने वरच्या वर देऊन टाकतं, लोक आत येतच नाहीत. ‘बॉल व्हॉल्व्ह म्हणजे काय’ असल्या पानांची सद्दी त्यामुळे संपत आलीय असं माझं मत. तुमच्या वहीतला, तुमच्या हाताखालून गेलेला तपशील अजून टिकून आहे.

दार वाजतंय, पण उघडतं कोण?

एका क्लासवाल्यांची तक्रार होती की महिनाभर एकही फॉर्म आला नाही. मी त्यांच्यासमोर मोबाइलवरून फॉर्म भरला. मेल आला, पण स्पॅममध्ये. त्याच्याखाली तेवीस पालकांचे फॉर्म पडून होते. फॉर्मचा मेल सर्व्हरवरून ओळखपत्राशिवाय निघाला की असं होतं. वेबसाइटवाल्याला एसएमटीपी (मेल पाठवायचा रीतसर मार्ग) आणि एसपीएफ, डीकेआयएम (मेल तुमच्याच पत्त्यावरून निघाल्याच्या खुणा) नीट लावायला सांगा, आणि दर सोमवारी आपलाच फॉर्म भरून बघा. आलेल्या चौकशीला त्याच दिवशी उत्तर द्या. व्हॉट्सॲपवर ‘‘भाव किती?’’ विचारणाऱ्याला ‘‘कॉल करा’’ म्हणू नका, भाव सांगा.

साधं दरपत्रक बघायला नाव, नंबर, गाव, ईमेल मागणारे फॉर्मही बंद करा. लोक खोटा नंबर टाकतात. शिवाय २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याचा रोखच असा आहे की माहिती ज्या कामापुरती मागितली त्याच कामापुरती वापरावी. नंबरांच्या याद्या विकत घेणं तर नकोच. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी मुळात फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांपर्यंतच पोचते.

पाच तारे द्या आणि दहा टक्के सूट घ्या, हेही नको. गूगलच्या नियमात ते बसत नाही.

वेळ चुकली की सगळं चुकलं

काकूंच्या मुलाने लेख टाकले होते वसुबारसेच्या आदल्या आठवड्यात. नव्या पानाला गूगलमध्ये वर यायला कित्येकदा महिने लागतात. दिवाळीचं पान श्रावणात तयार हवं. दुसरं म्हणजे, दिवाळी संपली की तो पान उडवणार होता आणि पुढच्या वर्षी नव्या पत्त्यावर नवं करणार होता. म्हणजे जुन्या पानाची जमलेली पत दरवर्षी शून्यावर.

आता पत्ता एकच आहे, त्यात साल नाही. चकली-चकरी, करंजी-घूघरा शेजारी शेजारी आहेत, किलोचा भाव आहे, आणि सुरतेला पार्सल जातं का याचं उत्तर आहे. दिवाळी झाली की काकू फक्त वरची एक ओळ बदलून घेतात: ‘पुढच्या ऑर्डरी गणपती बसल्यावर.’