इंजिनाच्या शक्तीवरून विमानाचा चढण्याचा दर कसा काढावा

पंखांची उचल वाढली की विमान वर चढतं, हे वाक्य जागोजागी वाचायला मिळतं. ते डोक्यातून काढून टाका, नाहीतर पुढचं गणित जुळणार नाही. एकाच वेगाने चढत राहणाऱ्या विमानाची उचल त्याच्या वजनापेक्षा किंचित कमीच असते. विमान चढतं ते उरलेल्या शक्तीवर.

उदाहरणाला सेस्ना १७२एस हे एका इंजिनाचं छोटं विमान घेऊ. आधी सगळी एककं बदलून घ्या. ११५७ किलोचं वजन म्हणजे ११,३५० न्यूटन, चढाईचा ७४ नॉट वेग म्हणजे सेकंदाला ३८ मीटर, इंजिनाची १८० अश्वशक्ती म्हणजे १३४ किलोवॅट.

यातली सगळी शक्ती हवेपर्यंत पोहोचत नाही. चढाईच्या वेगाला प्रोपेलरची कार्यक्षमता ०.७ धरा. हाती ९४ किलोवॅट राहतात.

आता खर्च. उचल आणि ड्रॅग (हवेचा अवरोध) यांचं गुणोत्तर ९ धरलं, तर ड्रॅग साधारण १,२६० न्यूटन येतो. त्याला ३८ ने गुणा: ४८ किलोवॅट. इथे वेग हवेतला खराच घ्यायचा, स्पीड इंडिकेटरवरचा नाही. समुद्रसपाटीला दोन्ही जवळपास सारखे असतात, उंचीवर नसतात.

९४ वजा ४८, उरले ४६ किलोवॅट. भागिले वजन: सेकंदाला ४.०५ मीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ८०० फूट. विमानाच्या पुस्तिकेत ७३० दिलेत. हा फरक पटण्यासारखा आहे. प्रोपेलरच्या पात्यांचा कोन स्थिर असल्याने ७४ नॉटला इंजिन मिनिटाला २७०० फेऱ्यांपर्यंत जात नाही आणि पूर्ण १८० अश्वशक्ती देतही नाही.

खरी मेख पुढे आहे, आणि मलाही ती उमगायला वेळ लागला. वरचं गणित वेग कायम असेल तरच खरं. उरलेली शक्ती एकूण ऊर्जा वाढवते. ती उंचीत साठवायची की वेगात, हे वैमानिकाचा हात ठरवतो. म्हणून नुसती उंची मोजू नका. उंचीत वेगाचा वर्ग भागिले १९.६२ (गुरुत्व त्वरण ९.८१ ची दुप्पट) मिळवा आणि ती बेरीज मोजा. समजा नाक जरा जास्त उचललं आणि दहा सेकंदांत वेग सेकंदाला ४३ मीटरवरून ३८ वर आला. गमावलेल्या वेगाची किंमत २०.६ मीटर, म्हणजे सेकंदाला दोन मीटर फुकटची चढण. चढण्याचा दर दाखवणारा काटा मिनिटाला १२०० फूट दाखवेल आणि इंजिनाने त्यातले ८००च दिलेले असतील! उलट तेवढाच वेग वाढवलात तर जेमतेम ४०० दिसतील.

"काटा किती दाखवतो ते बघा आणि लिहून घ्या" हा सल्ला म्हणूनच मला अजिबात मान्य नाही. नोंद घेण्याआधी वेग किमान अर्धा मिनिट हलू देऊ नका. नसेल जमत, तर दोन्ही टोकांचा वेग लिहा आणि वरची दुरुस्ती करा. ग्लायडरमधल्या एकूण-ऊर्जा व्हेरिओमीटरमध्ये (चढ-उताराचा दर दाखवणाऱ्या उपकरणात) हीच दुरुस्ती आपोआप होते.

उंचीचा परिणाम काढायला हेच गणित दर दोन हजार फुटांना पुन्हा करा. विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते, खरा वेग वाढल्याने खर्च चढतो, आणि शिल्लक दोन्हीकडून आवळली जाते. चढण मिनिटाला १०० फुटांवर आली की ती उंची म्हणजे सर्व्हिस सीलिंग, विमानाची व्यावहारिक कमाल उंची. या वजनाला तिथे सहा किलोवॅटही उरलेले नसतात.