घरी आवाज रेकॉर्ड करायचाय? आधी टाळी वाजवून बघा

आईच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या म्हणून मी हौसेने कंडेन्सर माइक आणला, बैठकीच्या खोलीत टेबलावर मांडला आणि बटण दाबलं. ऐकायला बसलो तर ओवीमागे पंखा, शेजारचा कुकर आणि भिंतींवरून परतणारा घुमारा. माइक बिचारा चांगलाच होता. त्याने सगळंच ऐकलं, एवढंच.

म्हणून सुरुवात खोलीपासून करा. मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागे आवाजाची शेपटी रेंगाळली तर ती खोली सोडा. गाद्या, जाड पडदे, कपड्यांनी गच्च भरलेलं उघडं कपाट असलेली खोली शोधा. पंखा बंद, मोबाइल फ्लाइट मोडवर.

आता माइक. डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला चिकटवलेलं तारेचं वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि त्यातून वीज निर्माण होते. दणकट असतो, वेगळा वीजपुरवठा मागत नाही, लांबचं बारीकसारीक फारसं टिपत नाही. स्टेजवर गायकाच्या हातात दिसतो तो बहुधा हाच. शुअरचा एसएम५८ तर १९६६ पासून बाजारात आहे. कंडेन्सर जास्त नाजूक आणि जास्त तिखट कानाचा. त्याला ऑडिओ इंटरफेसमधून, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीतून, ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्याच केबलमधून जाणारी वीज) द्यावी लागते. यूएसबी माइक तीच गरज कॉम्प्युटरच्या केबलमधून भागवतो. रस्त्यालगतच्या घरात राहत असाल तर माझं मत सरळ आहे: डायनॅमिक घ्या.

माइक कुठल्या दिशेने ऐकतो, त्याला पोलर पॅटर्न म्हणतात. कार्डिऑइड समोरचं ऐकतो, पाठीमागचं बरंचसं टाळतो. ऑम्नी चहूबाजूंनी ऐकतो. एकट्याच्या आवाजाला कार्डिऑइड उत्तम, फक्त त्याची पाठ खिडकीकडे करा. आणि बरेच मोठे कंडेन्सर माइक बाजूने बोलण्यासाठी बनवलेले असतात. त्यांच्या टोकात बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत.

तोंड आणि माइक यांत वीतभर अंतर ठेवा. जास्त लांब गेलात की खोलीचा आवाज वाढतो. अगदी ओठांशी आणलात तर कार्डिऑइड माइकमध्ये खर्ज फुगतो, त्याचं नाव प्रॉक्सिमिटी इफेक्ट. तळहात तोंडासमोर धरून ‘मन’ म्हणा, मग ‘फणस’ म्हणा. दुसऱ्या वेळी हातावर हवेचा फटका बसला ना? तोच माइकच्या पडद्यावर बसतो आणि रेकॉर्डिंगमध्ये ‘धप्प’ असा येतो. मराठीत प, फ, ब, भ यांची रेलचेल, त्यामुळे पॉप फिल्टर, म्हणजे माइकसमोरची हवेचा फटका अडवणारी जाळी, लावा किंवा माइक तोंडाच्या रेषेतून थोडा तिरका सरकवा.

मग गेन. माइकचा क्षीण सिग्नल रेकॉर्ड होताना किती वाढवायचा, ते गेन ठरवतो. हेडफोनचा व्हॉल्यूम वेगळा. सगळ्यात मोठ्याने म्हणायची ओळ आधी म्हणून पाहा आणि मीटरचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचेल असा गेन लावा. डिजिटलमध्ये शून्य म्हणजे छत. आवाज त्याला धडकला की लाटेचा माथा कापला जातो, यालाच क्लिपिंग म्हणतात. हळू आवाज नंतर वाढवता येतो, कापलेला माथा नीट जोडता येत नाही.

सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो (एकच चॅनल) निवडा. पहिला आकडा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाचं माप घेतलं जातं. दुसरा बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक माप किती बारकाईने नोंदवलं जातं. मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा लागेल. मूळ फाइल वेव्हच (डब्ल्यूएव्ही, आवाज न दाबता साठवणारी) ठेवा, दाबून लहान केलेली एमपी३ फक्त पाठवण्यापुरती.

सुरुवातीला वीस सेकंद कोणी न बोलता रेकॉर्ड करा. हा रूम टोन. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरला त्यावरून मागची घरघर ओळखून कमी करता येते. आमच्याकडे या वीस सेकंदांना चार टेक लागले, कारण दर वेळी पंधराव्या सेकंदाला आई विचारायची, “चालू झालं का रे?”