सोलापूरच्या रानात साग लावण्यापूर्वी

रोपांची मागणी नोंदवण्याआधी पहार आणि फावडे घेऊन रानात जावे आणि जिथे साग लावायचा आहे तिथे कमरेइतका खड्डा खोदून पाहावा. माझ्या मते निम्मी तयारी एवढ्यातच होते. हातभर खोलीवर चुनखडीचा थर किंवा कडक मुरूम लागला तर सोटमूळ तिथेच अडते. जमीन चिकण काळी असेल तर खड्डा पाण्याने भरून ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच दिसले तर तिथे सागाचा नाद सोडावा, कारण उभ्या पाण्यात त्याची मुळे कुजतात. ओढ्याकाठची खोल, निचऱ्याची पट्टी असेल तर ती मात्र सागासाठीच राखावी.

त्यानंतर पाण्याचा हिशेब करावा. साग 1,200 मिलिमीटरच्या पुढच्या पावसात चांगला पोसतो, आपल्याकडे मात्र वर्षाला सरासरी 550 ते 600 मिलिमीटरच पाऊस पडतो आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरचा असतो. त्यामुळे जूनमधली लागवड जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत वाळू नये म्हणून निदान पहिली दोन-तीन वर्षे ठिबकची सोय हवी.

पिशवीतल्या रोपाऐवजी साग जडी, म्हणजे पाने आणि शेंडा छाटलेले, वीतभर सोटमूळ असलेले अंगठ्याएवढे जाड खुंट घेणार असाल, तर साल नखाने खरवडून आतला भाग ओलसर असल्याची खात्री करावी. जड्या ओल्या गोणपाटात आणाव्यात, पहारीच्या छिद्रात सरळ उभ्या कराव्यात आणि भोवतीची माती टाचेने घट्ट दाबावी. दोन मीटर अंतराने एकरी सुमारे 1,000 झाडे बसतात, पण पुढे विरळणी करावीच लागते. बांधावर लावायचे असल्यास शेजाऱ्याशी आधीच बोलून घ्यावे, कारण सावली त्याच्या ज्वारीवरही पडणार.

बारा वर्षांत लाखोंचे उत्पन्न सांगणाऱ्यांना गाभा किती मिळेल, हे जरूर विचारावे. तेलकट गाभा वाळवीला दाद देत नाही, बाहेरचे पांढरे लाकूड मात्र ती सहज पोखरते, आणि कोवळ्या झाडात हे पांढरे लाकूडच जास्त असते.

सातबाऱ्यावर झाडांची नोंद लागवडीनंतर लगेच करून घ्यावी. 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत साग असल्याने स्वतःच्या रानातले झाड तोडण्यासही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि लाकूड हलवण्यासाठी वाहतूक परवाना वेगळा काढावा लागतो.