लाटेकमध्ये अरबी लिहायचंय? आधी इंजिन बदला

लाटेक म्हणजे कमांड लिहून मजकुराची छपाईसाठी मांडणी करणारी प्रणाली, आणि इंजिन म्हणजे त्या फाइलची पीडीएफ बनवणारा प्रोग्राम. अरबी मजकूर पीडीएफलाटेक या जुन्या इंजिनवर चालवण्याच्या खटाटोपात पडू नका. झीलाटेक हे इंजिन घ्या, फाइल युटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारं एन्कोडिंग) मध्ये सेव्ह करा आणि भाषेसाठी पॉलीग्लॉसिया हे पॅकेज, म्हणजे लाटेकची जोडणी, लावा. लेख मराठी असेल तर मुख्य भाषा मराठी आणि इतर भाषा अरबी असं सांगायचं. उजवीकडून डावीकडे जाणारी दिशा पॅकेज स्वतः सांभाळतं.

फॉन्ट म्हणून माझी पसंती अमीरीला. कैरोच्या बुलाक छापखान्याच्या सुंदर नस्ख (अरबी लिपीची एक शैली) टाइपावर बेतलेला आहे आणि फुकट मिळतो. अरबी फॉन्ट ठरवताना ‘स्क्रिप्ट’ हा पर्याय ‘अरेबिक’ असाच द्या. अक्षरं सुटी पडण्यामागे बहुतेकदा हाच पर्याय राहून गेलेला असतो.

तपासायला ‘सलाम’ हा शब्द छापून बघा. सीन (स), लाम (ल) आणि अलिफ (आ) ही अक्षरं जोडून यायला हवीत. लाम-अलिफचा तर एकच जोडाकार दिसायला हवा. मीम (म) मात्र सुटाच राहणार, कारण अलिफ पुढच्या अक्षराला कधीच जोडला जात नाही. तिथे चूक शोधत बसू नका.

पॉलीग्लॉसिया दिशेसाठी आतून ‘बिडी’ पॅकेज बोलावतं आणि त्याला बाकीची बहुतेक पॅकेजेस आपल्या आधी आलेली लागतात. म्हणून पॉलीग्लॉसियाची ओळ यादीत शेवटी ठेवा.

एडिटरमध्ये कमांड आणि अरबी एकाच ओळीत आले की कर्सर भलतीकडेच उड्या मारतो. लांब उतारा सरळ वेगळ्या ओळीवर लिहा.