ब्युनोस आयर्समध्ये गाणं, ऑपेरा आणि टँगो: जागा कुठली घ्यावी, कसं वागावं

ब्युनोस आयर्सला एकच संध्याकाळ मोकळी असेल, तर ती तेआत्रो कोलोनला द्या. १९०८ साली उघडलेल्या या ऑपेरागृहाची ख्याती आवाजासाठी आहे, त्यामुळे खालच्या महागड्या ‘प्लातेया’ जागांचा हट्ट नको. सगळ्यात वरच्या मजल्याला ‘पाराइसो’, म्हणजे स्वर्ग म्हणतात. तिथेही व्हायोलिन स्वच्छ ऐकू येतं. फसगत होते ती कडेच्या जागांवर. सभागृह घोड्याच्या नालाच्या आकाराचं, म्हणून बाजूने रंगमंचाचा बराच भाग दिसत नाही. नुसता वाद्यवृंद असेल तर चालून जाईल. ऑपेरा-बॅलेला वर बसा, पण मधोमध. तिकिटावर ‘दे पिए’ दिसलं तर ते उभं राहून बघायचं आहे. चार तासांच्या ऑपेराला पायांचा विचार आधी करा.

टँगो खरा अनुभवायचा तो मिलोंगात, म्हणजे लोक स्वतः नाचायला जमतात तिथे. रात्री अकराच्या आधी सहसा रंग चढत नाही. तीन-चार गाण्यांचा एक ‘तांदा’ असतो. मग ‘कोर्तिना’, म्हणजे वेगळ्याच संगीताचा छोटा तुकडा, वाजला की सगळे जागेवर परततात. नाचायला विचारायचं ते नजरेने: लांबून बघा, समोरून मान हलली तरच उठा. थेट टेबलापाशी जाऊन हात पुढे केलात तर समोरच्याला चारचौघांत नकार द्यावा लागतो, म्हणून ही रीत जपायलाच हवी. नाच घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. मध्येच शिरायचं असेल तर येणाऱ्या जोडीशी आधी नजर मिळवा. गाणं सुरू झालं तरी जोड्या काही क्षण गप्पा मारत उभ्या राहतात, तेव्हा घाई करू नका. तांदा अर्धा असताना ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, म्हणालात तर ‘आता पुरे’ असा अर्थ होतो.

नाचायचं नसेल तर सोमवारी कोनेक्स या सांस्कृतिक केंद्रात ‘ला बोम्बा दे तिएम्पो’ ऐका. तालवाद्यांचा हा ताफा समोरच्या संचालकाच्या हातांच्या खुणांवर जागच्या जागी वादन रचतो. खुणा दिसतील अशी जागा धरा, निम्मी मजा त्यातच आहे.

छोट्या जागी ‘आ ला गोर्रा’ लिहिलेलं असेल, तर प्रवेशाला तिकीट नसतं, शेवटी टोपी फिरते. पेसोच्या सुट्या नोटा जवळ असू द्या. भुयारी रेल्वे मिलोंगा संपण्याच्या कितीतरी आधी बंद होते. रात्रभर धावणाऱ्या बसगाड्यांसाठी सुबे कार्डात, म्हणजे इथल्या प्रवासाच्या कार्डात, पैसे भरूनच निघा.